शेवटचा हात: ठोंब्या

४ मार्च
मसुदा: हो

ठोंब्या,

तुझा फोन माझा नंबर घेत नाही, मेल उलट्या पावली परत येतात, आणि ऑफिसात फोन केला तर एक मुलगी फार गोड आवाजात "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणते. तू कधीपासून सर झालास? असो. सगळी दारं लावून घेतलीस, पण एक राहून गेलं. आईच्या शिवणकामाच्या साइटचं फोल्डर. त्याची चावी अजून तुझ्याकडे आहे, आणि इथे काही नवीन ठेवलं की तुला आपोआप कळवलं जातं. मी काही मोडलं तर लगेच समजावं म्हणून तूच तशी सोय करून ठेवली होतीस.

म्हणून हे पत्र इथे ठेवतेय, बाहीच्या आणि कॉलरच्या पानांशेजारी. वर "मसुदा: हो" लिहिलंय. तूच शिकवलेलं. ज्या फायलीच्या डोक्यावर ही ओळ असते तिचं पान बनत नाही, बिल्ड, म्हणजे फायलींची पानं बनवायचा तो फेरा, तिला वगळून पुढे जातो. जगाला दिसत नाही, फक्त चावी असणाऱ्याला दिसतं. चावी असणारे आपण दोघंच.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच नाही. तुझ्या त्या बिल्डच्या टूलची नवी आवृत्ती आली, मी शहाणपणा करून ती घेतली, आणि आता वरचा मेनू दोनदा दिसतोय. फ्रॉक, स्कर्ट, शर्ट, आणि त्याच्या खाली पुन्हा फ्रॉक, स्कर्ट, शर्ट. सगळ्या पानांचा जो मुख्य साचा आहे तो मी उघडून बघितला. त्यात मेनू एकदाच बोलावलाय. मग दुसरा येतो कुठून? एका ओळीत सांगितलंस तरी चालेल. "ताई" असंसुद्धा लिहू नकोस हवं तर.

आई बरी आहे. मीही.

ताई


१९ मार्च
मसुदा: हो

ठोंब्या,

मेनूचं कोडं सुटलं, तुझ्या मदतीशिवाय. कपड्याच्या पानांसाठी तू वेगळा साचा केला होतास, त्यातही मेनू बोलावलेला होता. जुनी आवृत्ती ते पोटात घालत होती, नवी घालत नाही. मग त्या आनंदात मी सेटिंगच्या फायलीत हात घातला, तिथे दोन रिकाम्या जागा कमी पडल्या आणि सगळी साइट आडवी झाली. टूल म्हणतंय चूक एकोणिसाव्या ओळीत, चूक निघाली अकराव्या ओळीत. अगदी आपल्या घरातल्या भांडणासारखं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय नवल? कापडाचे दोन दोरे तिरके गेले की अख्खी बाही फिरते." तिला साचा म्हणजे काय ते लगेच कळलं होतं, आठवतं? मला महिना लागला. तू भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं, मापाने कापलेलं खाकी कागदाचं कटिंग काढून तिच्यासमोर धरलीस आणि म्हणालास, "हे एकदा कापायचं, मग कापड कुठलंही येवो." ती म्हणाली, "म्हणजे साचा. आणि ते बिल्ड म्हणजे मशीनवर बसणं." तू टाळी दिलीस तिला. मी मागे चहाचा ट्रे धरून उभी होते, माझी टाळी राहूनच गेली.

पुढची खोली तशीच आहे. मोठं टेबल, दोन मशिनी, भिंतभर कटिंगं. फक्त मशिनींवर आता कापड झाकलेलं असतं. आईचे हात थरथरतात. सुईत दोरा जात नाही, गेला तर टाका सरळ येत नाही. म्हणून ती आता शिवत नाही, बोलते. एकेक कटिंग खिळ्यावरून काढते, टेबलावर पसरते, मापं सांगते, मी चष्म्याच्या दुकानातून आल्यावर ती लिहून घेते आणि नवं पान चढवते. चार ते सहा ती फोनवर असते. कुठकुठल्या बायका फोन करतात. शाळेचे युनिफॉर्म शिवणारी एक आहे, ती तर काही कारण नसतानाही करते.

आता खरी गोष्ट. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तू एक ओळ ठेवली होतीस. "शेवटचा हात: ठोंब्या", आणि पुढे तारीख. आई तुला ठोंब्या म्हणायची म्हणून गंमत. तारीख दर बिल्डला आपोआप बदलते. नाव तू सेटिंगमध्ये पक्कं लिहिलं होतंस, ते बदलत नाही. मी स्वल्पविराम इकडचा तिकडे केला तरी खाली आजची तारीख आणि तुझं नाव.

तू गेल्यावर महिन्याभराने असेल. आई टॅबवर साइट बघत होती. ती वाचायला तळापासून सुरुवात करते, कपडा उलटा करून शिवण बघतात तशी. एकदम म्हणाली, "अग, ठोंब्यानं काल हात फिरवलाय." तिचा चेहरा बघितला असतास तर तूही गप्पच बसला असतास. मी गप्प बसले. आणि मग बसतच गेले.

ताई


७ एप्रिल
मसुदा: हो

ठोंब्या,

आई बरी आहे असं मी लिहिलं होतं. नाहीये. तिच्या किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीन दुपारी तिला डायलिसिसच्या मशीनवर घेतात. शिवणयंत्रावर आयुष्य काढलं आणि शेवटी दुसऱ्या यंत्राला बांधून घेतलंय, असं तीच नर्सला सांगते आणि नर्स हसते. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदयही थकलंय, फार लांबचे बेत करू नका. आधी लिहिलं नाही, कारण तू घाबरून यावंस असं नको होतं. तुला यावंसं वाटून यावंस असं होतं. आता तेवढा मान उरला नाही मला. घाबरून ये.

घरात काय चालतं ते ऐक. आई म्हणते, "त्याला कळव, स्कर्टच्या पानावर घेराचं माप चुकलंय." मी म्हणते, "कळवते." मग मी आतल्या खोलीत जाते, दार लोटते, आणि तू होते. लगेच करून चालत नाही. तू लांब आहेस, कामात आहेस, म्हणून थोडा वेळ जाऊ देते. संध्याकाळी आई टॅब उघडते, माप बरोबर झालेलं असतं, खाली तुझं नाव असतं. "बोलत नाही, पण सांगितलेलं ऐकतो," म्हणते. एकदा म्हणाली, "तुझ्यासारखी कटकट नाही त्याची. गुपचूप करतो." माझ्या बोटांना अजून की-बोर्डाची ऊब होती रे.

नाव बदलणं एका ओळीचं काम आहे, हे मला माहीत आहे. किती वेळा ती फाइल उघडली. तुझं नाव पुसून माझं लिहावं, असं काय मोठं मागत होते मी? पण ती ओळ म्हणजे तिच्या दिवसाचं औषध झालंय. मी ती काढू शकत नाही.

लग्नातलं मी विसरले नाही. आईने तुझ्या बायकोचा गाउन स्वतःच्या हाताने शिवला, थरथरत्या हातांनी, शेवटचा. फोटो काढताना तिने सुनेच्या कमरेला हात लावला आणि तिथल्या तिथे तिच्या बोटांना कळलं की ही शिवण उसवून दुसऱ्या कुणी तरी पुन्हा घातली आहे. मग ती जे बोलली ते सगळ्या हॉलने ऐकलं. "माझ्या हातचं चालत नव्हतं तर आधी सांगायचं. घरात पाऊल टाकायच्या आधीच माझी शिवण उसवली हिनं." तुझी बायको रडली. तू तिचा हात धरून जेवणाआधी निघून गेलास. दारात मी तुला म्हणाले, "आईचं काय मनावर घेतोस." तेवढंच म्हणाले. तुझ्या बायकोकडे बघितलंसुद्धा नाही.

माझं एकच मागणं आहे. ये म्हणत नाही आता. माफ कर म्हणत नाही. एकदा, फक्त एकदा, स्वतः एक बिल्ड कर. पूर्णविराम काढ आणि पुन्हा घाल. मरायच्या आधी तिने तुझं नाव वाचलं, तर एकदा तरी ते खरं असावं.

ताई


२ मे

ठोंब्या,

काल आईने एक पान सांगितलं. ते मी तुला जसंच्या तसं सांगते, कारण ते तुझ्यासाठीच आहे.

संध्याकाळी तिने मला स्टुलावर चढायला लावलं. सगळ्यात वरच्या खिळ्यावर त्या गाउनचं कटिंग होतं. मला वाटलं होतं तिने ते केव्हाच फाडून टाकलं असेल. टेबलावर पसरलं. कमरेशी बोटं ठेवली, आणि म्हणाली, "तिनं इथे दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं सैल सोडून घेतलं होतं. नवरी मुलगी आठवड्याभरात एवढी जेवून वाढत नाही." मी कटिंगचे कोपरे धरून ठेवले. "बोटांना लागलं ग तेव्हा. डोक्याला नाही लागलं. जन्मभर बायकांच्या कमरा मोजल्या, दिवस गेलेली बाई दारातून आत आली की तिनं सांगायच्या आधी मला कळायचं. आणि माझ्याच सुनेचं कळलं नाही. मला माझी शिवण दिसली फक्त."

मग तिने पान लिहायला सांगितलं. नाव "कमरेची शिवण". मजकूर एवढाच:

"कुठल्याही बाईचा कपडा शिवताना कमरेच्या शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवावं. ज्या बाईला लागेल ती उसवेल. तिने का उसवलं ते विचारू नये. आपण शिवलं म्हणून कपडा आपला होत नाही. मी एकदा विचारलं होतं. चुकले."

म्हणाली, "हे मसुद्यात ठेव. चढवू नकोस. आधी ठोंब्याला वाचू दे. त्यानं चढवलं तर चढवू दे." मसुदा हा शब्द ती असा वापरते की जसा काही तिनेच काढलाय.

इथे मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण तिने पुढे विचारलं, "मूल आता दोन वर्षांचं होत आलं असेल ना? मुलगा की मुलगी, तेवढं तरी विचार त्याला."

ठोंब्या, मला माहीत आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी तुझ्या बायकोचा मला एकच मेसेज आला होता. "गाउन कमरेतून का सोडला होता ते आता सांगून उपयोग नाही. आता सोडायची गरज उरली नाही." मी लगेच फोन केला. तोवर तुम्ही दोघांनी नंबर बंद केले होते. बाळ गेलं होतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन आईला ताट वाढलं. तिला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं नाही म्हणून नंतर सांगता आलं नाही.

काल ती मूल म्हणाली आणि मी कटिंगची घडी घालायला लागले. मग तोंडातून निघालं, "विचारते."

विचारतेय. काय उत्तर देऊ तिला, ते तूच सांग.

ताई


५ मे
कागदावर

ठोंब्या,

या वेळी कागदावर लिहितेय, आईच्या खाकी कागदावर, पोस्टाने. फोल्डरमध्ये का ठेवलं नाही ते पुढे कळेल. ऑफिसचा पत्ता त्या गोड आवाजाच्या मुलीने दिला. बरी आहे मुलगी.

दोन तारखेचं पत्र मी दुकानात जाता जाता ठेवलं आणि वर "मसुदा: हो" लिहायला विसरले. इतक्या दिवसांत एकदाही विसरले नव्हते, आणि विसरले ते नेमकं त्याच पत्राला. बिल्ड झाला. पत्राचं पान बनलं, मेनूत गेलं, फ्रॉक, स्कर्ट, शर्ट आणि तुमचं मूल. तुझ्या बायकोचे शब्द मी जगासमोर टांगले. मला ते कळलंसुद्धा नाही.

दुपारी मी एका आजोबांच्या चष्म्याची दांडी वाकवत होते तेव्हा युनिफॉर्मवालीचा फोन आला. आईचा फोन दवाखान्याच्या दिवशी माझ्याकडे असतो. नेहमी भडाभडा बोलणारी बाई, पण अगदी हळू म्हणाली, "ताई, तुमच्या साइटवर काहीतरी घरचं आलंय. मी अर्धं वाचलं आणि बंद केलं. आईंना दिसायच्या आत काढा." मी दांडी तशीच काउंटरवर टाकली. दुकानात कंप्युटर नाही, मालक बाहेर गेलेले, गिऱ्हाईक समोर. आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही बसा आधी." आई तेव्हा दवाखान्यात मशीनवर पडून होती, टॅब तिच्या पिशवीत. देवाचं नाव घेत मी घरी पळाले.

साइट उघडली तर पत्र नव्हतं. मला वाटलं घाबरून मी चुकीचं बघतेय. फोल्डर उघडलं. माझ्या पत्राच्या डोक्यावर कुणीतरी "मसुदा: हो" लिहिलं होतं.

कुणीतरी काय. चावी असणारे आपण दोघंच.

म्हणजे तू वाचतोस. सगळी वाचलीस, मेनूच्या कोड्यापासून. मग बघितलं की तू अजून एक ओळ बदलली आहेस. सेटिंगमध्ये. "ठोंब्या" पुसलंस आणि "ताई" लिहिलंस.

खरं सांगू? आधी संताप आला. इतकं मागितलं की एकदा ये, आणि आलास तो नाव काढून घ्यायला? आजारी बाईच्या तोंडचं औषध ओढून घेतलंस असं वाटलं. मग मी एकेक पान उघडून बघायला लागले, प्रत्येकाखाली आता काय दिसतंय ते. आणि तिथे मला दिसलं.

आईने गेली दोन वर्षं पानं कुठल्या क्रमाने सांगितली हे मी कधी बघितलंच नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचे. नवजात बाळाचं झबलं. टोपी. सहा महिन्यांच्या बाळाचा फ्रॉक. रांगणाऱ्या मुलाची चड्डी, गुडघ्याला दुहेरी कापड. पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक. दीड वर्षाच्या मुलाचा कोट. साइटवर एक मूल वाढत होतं, महिन्यामहिन्याने, तिच्या हिशोबाने. शिवणीचं तिने मला परवा सांगितलं, पण कळलं तिला केव्हाच होतं. आणि त्या प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलेलं: शेवटचा हात: ठोंब्या.

तुझ्या बायकोने ते बघितलं असेल ना? झबल्याखाली तुझं नाव. टोपीखाली तुझं नाव. तिला काय वाटलं असेल? मी तुझ्या नावाने तिच्या दारात दर महिन्याला एक कपडा नेऊन ठेवत होते, आणि मला वाटत होतं मी आईची सेवा करतेय. तिला सांग, मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, पण नव्हतं. आईलाही नव्हतं. तिने ते प्रेमाने केलंय, आणि त्यामुळे ते कमी दुखणार नाही, हेही कळतं मला.

आता आईचं. मी टॅब लपवला होता. चार्जिंग नाही म्हटलं. ती म्हणाली, "मला उल्लू बनवू नकोस, आण इकडे." आणला. तिने झबल्याचं पान काढलं आणि तळाशी गेली. वाचलं. चष्मा काढला, पदर समजून उशीच्या अभ्र्याने पुसला, परत घातला.

"हे तू केलंस?"

"नाही."

"मग?"

तिने बोट त्या ओळीवर ठेवलं, माझ्या नावावर, आणि हळूहळू फिरवलं, शिवण तपासतात तसं. मग तिचा चेहरा उजळला. ठोंब्या, मी खोटं सांगत नाही, उजळला.

"ठोंब्यानं केलंय हे. त्याचं नाव तोच काढणार, दुसरं कोण काढेल? आला होता तो."

"हो," म्हटलं. "आला होता."

"पान वाचलं असेल त्यानं? कमरेचं?"

"वाचलं." या वेळी खोटं बोलावं लागलं नाही.

"नाव काढायला का होईना, आला," म्हणाली आणि टॅब छातीवर ठेवून पडून राहिली.

मग आधीचं इतके दिवस कोण करत होतं, हे तिने विचारलं नाही. मी पलंगाशी बसून वाट बघितली. स्क्रीनवर माझं नाव होतं, तिच्या बोटाखाली, आणि तिला त्यात तू दिसत होतास. ती तशीच झोपून गेली. मला इतकं रडू आलं की मी पुढच्या खोलीत जाऊन शिवणयंत्रावरचं कापड तोंडात धरलं.

तर म्हणून कागद. फोल्डरमध्ये काहीही ठेवलं, मसुदासुद्धा, तरी बिल्ड आपोआप होतो आणि खालची तारीख बदलते. ती तारीख तुझी आहे. आई ती रोज बघते. मी आता तिथे हात लावणार नाही. आईला सांगितलंय की नवं पान थोडे दिवस नको. तिने का ते विचारलं नाही.

मुलाचं मी तिला काही सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. लवकर ठरवा.

ताई


९ जुलै
कागदावर

ठोंब्या,

मेल, फोन, ऑफिसात निरोप, सगळं केलं. मुलीने सांगितलं की निरोप पोचलाय. म्हणजे तुला माहीत आहे. तू आला नाहीस, आणि मी दाराकडे बघायचं सोडलं नाही, अगदी आईला नेईपर्यंत.

आई दुपारी गेली, यंत्रावर नाही, घरी, स्वतःच्या पलंगावर. सकाळी म्हणत होती, दोन वर्षांचं झालं की खिसे लागतात, मुलं खिशात दगड भरतात, खिशाचं कापड जाड घे. मी म्हटलं, घेते. हे शेवटचं बोलणं. मुलाबद्दल तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्याकडून उत्तर आलं नाही, आणि माझ्याने झालं नाही. तिच्या डोक्यात ते मूल खिशात दगड भरून हिंडत होतं. मी तिला ते राहू दिलं. चुकलं असेल तर माझं चुकलं.

युनिफॉर्मवाली आली होती. आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. तिने आवाजावरून मला ओळखलं आणि विचारलं, "भाऊ?" मी मान हलवली. मग तिने आत स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

सगळे म्हणतात, साइटवर एक ओळ टाक, आई गेल्याची. टाकायला हवी. बायका अजून चार वाजता फोन करतात आणि मी उचलला की म्हणतात, "आईंना द्या ना." प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ती नव्याने जाते. एक ओळ लिहिली की सुटले असते. आजवर चार वेळा फोल्डर उघडून बसले. पण ती ओळ टाकली की बिल्ड होणार, आणि प्रत्येक पानाखालची तारीख आजची होणार. मेमधला तो दिवस पुसला जाणार. त्या दिवशी तू घरी आला होतास. आपल्या घरात तुझ्या येण्याची तेवढीच एक खूण आहे, आणि ती मी माझ्या हाताने पुसू शकत नाही. म्हणून साइट आहे तिथेच थांबली आहे. फोन करा चार ते सहा, असं अजून तिथे लिहिलंय.

कमरेचं पान मसुद्यातच आहे. ते मीही चढवू शकले असते. आई म्हणाली होती, ठोंब्यानं चढवलं तर चढवू दे. मी तिचं बाकी काही धड ऐकलं नाही, एवढं ऐकतेय.

कधी वाटलं, तुला आणि तुझ्या बायकोला, दोघांनाही वाटलं तरच, तर ती फाइल उघड. वरच्या ओळीत "हो" आहे तिथे "नाही" लिही. बाळाची पानं काढून टाकायची असतील तर तीही काढ, मी एका शब्दाने विचारणार नाही. आई गेल्याची ओळ तूच लिही. आणि मग सेटिंगमध्ये जाऊन माझं नाव पुस आणि तुझं लिही. त्या दिवशी ते खरं असेल.

तोवर मी आहेच इथे. चार वाजत आले, फोन वाजेल आता.

ताई